छोट्या वायरलेस नेटवाल्याला अनलिमिटेड परवडत नाही, पण जीबीची कॅप हा त्यावरचा उपाय नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राजापूर-लांजा भागातल्या वाड्यांवर आम्ही वायरलेसने नेट देतो. टेकडीवरच्या टॉवरवर रेडिओ, गिऱ्हाइकाच्या छपरावर छोटी डिश आणि घरात वायफाय राउटर, एवढाच सगळा पसारा. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलं तरी तिथून पुढे रानातल्या आठ-दहा घरांच्या वाडीत केबल टाकायला कोणी येत नाही, तिथे आमच्यासारखेच जातात. आणि तिथेही पहिला प्रश्न एकच असतो, अनलिमिटेड आहे ना?

आता याचा हिशेब बघा. आम्ही वरच्या मोठ्या कंपनीकडून लाइन घेतो ती जीबीवर, म्हणजे एकूण किती डेटा गेला त्यावर नाही, तर एमबीपीएसवर, म्हणजे एका वेळी किती स्पीड मिळतो त्यावर. समजा 100 एमबीपीएसची लाइन घेतली आणि ती 30 दिवस रात्रंदिवस फुल्ल चालली तर त्यातून साधारण 32,400 जीबी जातील. ऐकायला हे खूप वाटतं. पण मोठ्या कंपन्यांच्या फायबरवर अनलिमिटेड प्लॅनच्या खाली बारीक अक्षरात जी 3300 जीबीची मर्यादा असते ना, तेवढं प्रत्येकाने वापरायचं म्हटलं तर दहा घरांतच आमची लाइन संपली. त्यांच्याकडे फायबर आहे, लाखो गिऱ्हाइकं आहेत, त्यांचं त्यात भागतं. आमच्याकडून कोणी तेच त्याच दरात मागितलं तर टॉवरचं भाडं, बॅटऱ्या आणि नेट देण्याच्या लायसन्सची फी कुठून काढायची?

म्हणून आमच्यातले बरेच जण जीबीची कॅप लावतात, महिन्याला इतके जीबी आणि ते संपले की स्पीड कमी. मला हे पटत नाही. कारण आमचा खर्च जीबीमुळे वाढतच नाही, तो वाढतो रात्री 8 ते 11 मध्ये. एका एचडी पिक्चरला 5 एमबीपीएस धरले तर 20 घरांत एकदम टीव्ही लागला की 100 ची लाइन भरली, आणि पहाटे 3 वाजता तीच लाइन रिकामी पडलेली असते, पैसे मात्र आम्ही तेवढेच भरतो. एखादा पोरगा पहाटे मोठमोठे गेम डाउनलोड करून महिन्यात 200 जीबी ओढतो त्याने आमचं काहीच बिघडत नाही, कॅप मात्र त्यालाच लागते. आणि जो रोज बरोबर गर्दीच्या वेळी दोन तास सिरियल बघतो, ज्याच्यामुळे आम्हाला जास्तीची लाइन घ्यावी लागते, तो कॅपच्या आतच राहतो.

त्यात वायरलेसचं अजून एक आहे जे गिऱ्हाइकाला दिसत नाही. टॉवरवरचा एक रेडिओ पाळीपाळीने एकेका घराशी बोलतो. ज्याच्या छपरावरून टॉवर सरळ दिसतो त्याचा 1 जीबी पटकन जातो, पण ज्याची डिश आंब्याच्या कलमांच्या आड आहे त्याचा सिग्नल कमजोर, मग तोच 1 जीबी जायला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ बाकीची घरं थांबतात. पावसाळ्यात पानं ओली झाली की अजून वाईट. सरकारने 2018 मध्ये रेडिओ लहरींचा 5 गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा लायसन्समुक्त केला म्हणून आमचा धंदा उभा राहिला हे खरं, पण तो पट्टा सगळ्यांनाच मोकळा आहे, त्यामुळे शेजारच्या टेकडीवर दुसऱ्याने रेडिओ लावला की आमचं गणित परत बदलतं. आणि गणपतीत चाकरमानी आले की काय होतं ते कोकणातल्या कुठल्याही नेटवाल्याला विचारा, ज्या घरात एक फोन असतो तिथे दहा होतात आणि आरती झाली की सगळे एकदम ऑनलाइन.

कॅपचं मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. मीटर लावला की माणसं नेट वापरायचंच टाळतात. मुंबईतल्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलणारी म्हातारी माणसं जीबी संपतील या धास्तीने दोन मिनिटांत फोन ठेवतात. अहो, एवढ्या बोलण्याला काही फार डेटा लागत नाही! पण ते त्यांना कोण सांगणार, त्यांना फक्त संपेल एवढंच माहीत.

माझं म्हणणं असं की आम्ही गर्दीच्या वेळचा स्पीड विकावा. रात्री 8 ते 11 मध्ये तुमच्या घरी कमीत कमी अमुक एमबीपीएस मिळणार हे लिहून द्यायचं, ज्याला दोन टीव्ही चालवायचेत त्याने वरचा प्लॅन घ्यायचा, आणि रात्री 12 ते सकाळी 8 सगळ्यांना पूर्ण मोकळं. हे काही नवीन नाही, बीएसएनएलच्या जुन्या ब्रॉडबँड प्लॅनमध्ये रात्री 2 ते सकाळी 8 डाउनलोड फुकट असायचं आणि लोक त्यासाठी अलार्म लावून उठायचे. ट्रायने, म्हणजे फोन-नेट कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, 2016 मध्ये जी बंदी घातली ती कंटेंट बघून वेगवेगळा दर लावायला, म्हणजे यूट्यूबला एक आणि बाकीच्याला दुसरा असं चालणार नाही, आणि ते योग्यच आहे. वेळेप्रमाणे दर ठेवायला त्यात अडचण नाही.

त्याच वर्षी ट्रायने हेही सांगितलं की मर्यादा किती, तोपर्यंत स्पीड किती आणि नंतर किती, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट दाखवा. चांगली गोष्ट आहे, पण संध्याकाळी खरोखर किती मिळतं ते त्यात येत नाही. 2023 पासून ब्रॉडबँड म्हणायला कमीत कमी 2 एमबीपीएस लागतात, पण टीव्ही बघणाऱ्या घराला 2 मध्ये काय होणार? अमेरिकेत 2024 पासून प्रत्येक प्लॅनबरोबर एक ठरावीक लेबल द्यावं लागतं, त्यात नेहमी मिळणारा स्पीड, डेटा किती आणि जास्तीचा लागला तर पैसे किती हे सगळं असतं, छोट्या कंपन्यांनाही ते लागू आहे. आपल्याकडे ट्रायने असं लेबल आणावं आणि त्यात रात्री 8 ते 11 च्या स्पीडचा रकाना ठेवावा. आमच्यासारख्या छोट्यांनाही तो सक्तीचा करा, आम्ही भरू.

आणि एक विनंती आपल्या पेपरला. स्वस्त अनलिमिटेड प्लॅनची तुलना छापता तेव्हा शेजारी मर्यादेचा आकडा आणि मर्यादा संपल्यावरचा स्पीड पण छापा.

आपला,
एक वायरलेस नेटवाला,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी