विषय: टेबलाला झोळ, कारभारात झोल (आणि हो, आम्ही रॉड फिरवले)

प्रति,
मॅनेजमेंट
(कस्टमर केअर नाही. हे पत्र कृपया परत त्यांच्याकडे ढकलू नका.)

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा सहावा फोन ठेवला. ४७ मिनिटं. त्यातली निम्मी तुमची ती होल्डवरची पिपाणी ऐकण्यात गेली आणि शेवटी कळलं की माझं तिकीट 'रिझॉल्व्ह' होऊन बंदसुद्धा झालंय. कोणी रिझॉल्व्ह केलं, काय रिझॉल्व्ह केलं, देव जाणे. इथे माझ्यासमोर तुमच्या फूसबॉलच्या टेबलावर (रॉडला लावलेल्या खेळाडूंनी बॉल गोलमध्ये मारायचा तो खेळ) बॉल अजूनही मैदानाच्या मधोमध जाऊन बसतोय आणि पाच खेळाडूंचा रॉड हलवायला दोन हात लागतायत.

टेबल कुठलं ते समजावत बसत नाही, तुमचंच आहे, ऑर्डर नंबर आणि बिल मेलला जोडलंय.

एक गोष्ट आधी सांगतो, मी काही जाहिरात बघितली आणि बटण दाबलं असा गिऱ्हाईक नाही. बजेट ठरलेलं होतं आणि ते ताणायचं नाही असं घरात बजावलेलं होतं (ताणलं, तो भाग वेगळा). हॉलमध्ये जुने पेपर चिकटवून ५६ बाय ३० इंचाचा आयत केला, फुल साइज टेबल साधारण तेवढं असतं म्हणून, आणि मग लक्षात आलं की रॉड दोन्ही बाजूंनी बाहेर येतात, मागे माणूस उभा राहणार, त्याचं कोपर जाणार, म्हणजे टेबल अडीच फुटी असलं तरी जागा सात फूट धरायची. सोफा सरकला, पुस्तकांचं कपाट आतल्या खोलीत गेलं, बायकोने तीन दिवस काही न बोलता सगळं बघितलं. टेबलावर ठेवायचं छोटं घ्या, असं सगळे सांगत होते, पण त्यावर दोन बोटांनी खेळावं लागतं आणि पोरांना आठ दिवसांत कंटाळा येतो, तो अनुभव आमच्या भावाकडे झालाय. स्पर्धेची टेबलं, म्हणजे टॉर्नेडो, गार्लांडो, बोन्झिनी वगैरे, ती बघून ठेवली फक्त, आपल्या बजेटचं ते काम नाही हे माहीत होतं. पण ती बघितल्यामुळे काय बघायचं ते कळलं. खालच्या फळीची जाडी, बाजूच्या फळ्या, रॉडचा व्यास, बुशिंग (रॉड ज्यातून सरकतो ती बाजूच्या फळीतली कडी) आणि वजन. त्यातही वजन. जाहिरातीत काहीही लिहिता येतं पण हलकं टेबल जोरात शॉट मारला की जागेवरून सरकतं, आणि स्पर्धेची टेबलं शंभर किलोच्या आसपास किंवा वर जातात ती उगाच नाही.

तुमच्या पेजवर काय लिहिलं होतं? खेळायची फळी १२ मिमी, बाजू १८ मिमी, रॉड १६ मिमी 'सॉलिड स्टील', वजन ४५ किलो, कोपरे उचललेले. मी घ्यायच्या आधी तुमच्या चॅटवर हे एकेक करून विचारलंय, आणि समोरून प्रत्येक वेळी 'येस सर' आलंय, त्याचे स्क्रीनशॉट आहेत माझ्याकडे. सॉलिड रॉडचं मला तसं कौतुक नव्हतं, चांगल्या टेबलांचे रॉड पोकळच असतात, जाड पत्र्याच्या नळीचे, हलके म्हणून हात पटकन चालतो, पण तुम्ही मिरवताय तर मिरवा म्हटलं, निदान वाकणार तरी नाहीत.

डिलिव्हरीवाला तो ४५ किलोचा बॉक्स एका खांद्यावर घेऊन तीन जिने चढून शीळ घालत वर आला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाथरूमच्या वजनकाट्यावर बॉक्स उभा केला, २४ किलो, पुठ्ठा आणि थर्माकोल धरून. उरलेले २१ किलो कुठे उतरले वाटेत?

जोडायला चार तास लागले, त्याबद्दल तक्रार नाही, ते मजेत गेले. खेळाडू २२ आले, हिशोब बरोबर, एका बाजूला चार रॉडवर एक-दोन-पाच-तीन असे ११. फक्त निळे १२ आणि लाल १०. तेही सोडून दिलं, धाकटीने एका निळ्याला मार्करने लाल केलं, तो आता आमचा बॅकला खेळतो आणि त्याची अजून लोकांच्या बोटांवर शाई उतरते.

सोडून न देण्यासारखं ते पुढे. गोलच्या खाचेतून फळीची कड दिसते, तिथे स्टीलची पट्टी लावली. ३ मिमी. बारा नाही, तीन! हार्डबोर्ड आहे तो, फोटोफ्रेमच्या मागे लावतात तसला, आणि तोही अखंड नाही, दोन तुकडे मधोमध जोडलेत, वर हिरवा कागद. आणि जोड कुठे काढलाय, तर बरोबर सेंटर लाइनवर, जिथे बाजूच्या भोकातून बॉल आत सोडतात. बॉल आत टाकला की तो त्या जोडाच्या खाचेत पडतो आणि आगगाडीसारखा सरळ समोरच्या भिंतीपर्यंत जातो, दोन्हीकडचे पाच-पाच खेळाडू नुसते बघत राहतात. मग भिंतीला आपटून परत येतो आणि मधे झोळ आलाय तिथे थांबतो. तिथे ना आमचा पाय पोचतो ना त्यांचा. हाताने उचलायचा, परत टाकायचा, परत आगगाडी.

कोपऱ्यांचं पण तेच. तुमच्या टेबलाला गोलकीपर एकच आहे, तो कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, म्हणूनच अशा टेबलाला कोपरे उचललेले लागतात, बॉल घरंगळून परत मैदानात यावा म्हणून. कोपरे सपाट ठेवायचे तर गोलच्या रॉडवर तीन खेळाडू द्यावे लागतात. दोन्हीपैकी एक करा की! तुम्ही एक गोलकीपर दिला आणि कोपरे सपाट ठेवले. हे मी तुम्हाला का सांगतोय, तुम्ही टेबलं बनवता ना?

पहिल्या फोनला सांगितलं, टेबल लेव्हल करा, पायाखाली पुठ्ठा लावा. मी म्हटलं स्पिरिट लेव्हल लावून झालंय, चारी पाय बरोबर आहेत, झोळ मधे आहे, पायाखाली अख्खा विश्वकोश घातला तरी तो जाणार नाही. ओके सर, नोट केलं सर. दुसऱ्या फोनला तेच परत, पुठ्ठा. तिसऱ्या फोनपर्यंत पाचचा रॉड जड झाला होता. तोही मोजला. १६ नाही, १२.७, म्हणजे अर्धा इंच, आणि सॉलिड नाही, पोकळ, आणि नळी इतकी पातळ की तीन आठवड्यांत मधे वाकली, आता फिरवला की बुशिंगला घासतो. त्यावर तुमच्या माणसाचा सल्ला, "घरात कुठलंही तेल असेल ते लावा सर." आता रॉडला सिलिकॉनचं वंगण लावतात हे मला वाचून माहीत होतं, तेलावर धूळ बसते, चिकट होतं, वर मैदानात ठिबकतं. पण कंपनीचा माणूस सांगतोय म्हणून मी गाढवासारखं मशीनचं तेल लावलं. दोन दिवसांत रॉडवर काळा लगदा आणि मैदानावर डाग. हे लक्षात ठेवा, पुढे येणारे.

आता आजचा फोन. हा मी जसाच्या तसा लिहितोय कारण तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतो असं सुरुवातीलाच ऐकवतात, तर काढून ऐका एकदा, चहा घेऊन बसा. त्या पोराचं नाव लिहीत नाही, त्याचा दोष नाही, समोर जे लिहून दिलंय ते वाचत होता बिचारा.

तो म्हणाला, सर तुमची केस युसेज डॅमेजमध्ये गेली आहे, वॉरंटीत बसत नाही.

म्हटलं युसेज डॅमेज म्हणजे?

"म्हणजे सर, प्रॉडक्ट वापरल्यामुळे झालेलं डॅमेज."

मी दोन सेकंद गप्प. म्हटलं, दादा, मग वॉरंटी कशाला आहे, न वापरल्यामुळे होणाऱ्या डॅमेजला?

"सर, मी काही प्रश्न विचारतो, तुम्ही फक्त हो किंवा नाही सांगा. तुम्ही टेबल खेळण्यासाठी वापरलं का?"

हो.

"एकापेक्षा जास्त व्यक्ती खेळल्या का?"

आता हा दोन टीमचा खेळ आहे, मी इकडून तिकडे पळत एकटाच खेळायला हवं होतं का? तरी म्हटलं, हो.

"सर, तुम्ही रॉड फिरवले का?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, काय?

"रॉड, सर. रोटेट केले का?"

फूसबॉलच्या टेबलाचे रॉड. फिरवले का. १९२३ मध्ये हॅरॉल्ड थॉर्नटन नावाच्या इंग्रज माणसाला या खेळाचं पेटंट मिळालं तेव्हापासून शंभर वर्षं लोक एवढं एकच काम करतायत, रॉड ढकलतात आणि फिरवतात, तिसरी काही सोयच नाही त्याला. मला वाटलं त्याला गरगर फिरवणं म्हणायचंय, म्हणून मी समजूतदारपणे सांगितलं की आमच्या घरात स्पिनिंग चालत नाही, ३६० अंशांच्या वर फिरवला की फाउल, स्पर्धेतही हाच नियम आहे, आमची धाकटी तर त्यावरून आजोबांनाही सोडत नाही. तो सगळं शांतपणे ऐकून म्हणाला,

"पण सर, फिरवला ना?"

हो, फिरवला.

"ओके सर, नोट केलं. आणि सर, फोटोमध्ये टेबलावर ऑइलचे डाग दिसतायत. कस्टमरने बाहेरचा पदार्थ वापरला असल्याने वॉरंटी तशीही राहत नाही. आणखी काही मदत करू शकतो का?"

आणखी! म्हणजे आधी एक मदत झाली होती असं तो धरून चालला होता. तेल तुमच्या माणसाने लावायला सांगितलं होतं हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "सर, त्याची आमच्याकडे नोट नाही." सहा फोन 'नोट केलं सर, नोट केलं सर' चालू होतं, तुम्ही नेमकं कशावर नोट करता, पाटीवर? मी रॉड फिरवला याची नोट बरोबर राहिली आणि तेलाची तेवढी पुसली गेली.

संयमाने लिहायचं ठरवून बसलो होतो, जमत नाहीये. स्वस्तातलं टेबल स्वस्तातलंच असणार एवढी अक्कल मला आहे. तुम्ही सरळ लिहिलं असतं की फळी ३ मिमी आहे, वजन २४ आहे, लहान मुलांना हळू खेळायला ठीक आहे, तर मी कदाचित घेतलंही नसतं किंवा घेतलं असतं तरी तोंड बंद ठेवलं असतं. याच बजेटमध्ये दुसरं एक वापरलेलं टेबल बघून आलो होतो, रंग उडालेला, हँडल बदललेले, पण दोघांनी मिळून उचललं तरी कंबर धरेल असं. बायको म्हणत होती तेच घे. मी म्हटलं नको, नवीन आहे, वॉरंटी आहे. हे वाक्य आता घरात रोज एकदा तरी म्हणून दाखवतात, तेही माझ्या आवाजात.

आणि ४५ किलोचं काय झालं? मी तीन मेलमध्ये विचारलंय, फोनवर विचारलंय, वजनकाट्याचा फोटो पाठवलाय, एकानेही त्यावर अक्षर काढलं नाही. फळीवर बोलतात, रॉडवर बोलतात, तेलावर तर फारच बोलतात, वजनाचं नाव काढलं की होल्डवर टाकतात.

आता ऐका. मला पुठ्ठा नको, तेल नको, पुढच्या खरेदीवर सूट देणारं कूपन तर अजिबात नको (ते पाठवणाऱ्याच्या हिमतीला सलाम). नवीन रॉड पाठवतो म्हणाल तर तोही नको, तो अर्धा इंचाचाच येणार. टेबल घेऊन जा आणि पूर्ण पैसे परत करा, डिलिव्हरी चार्ज धरून. १५ दिवस थांबतो. त्यानंतर हे सगळं, चॅटचे स्क्रीनशॉट, पट्टी लावलेला फोटो, वजनकाट्याचा फोटो, ग्राहक आयोगात. मला तिथे चकरा मारायची हौस नाही, पण तुमच्या होल्डवरच्या पिपाणीपेक्षा तिथलं बाकडं बरं.

सातवा फोन मी करणार नाही, पिकअपची तारीख मेलवर कळवा. बॉक्स आणि थर्माकोल ठेवलंय. फक्त रविवार नको. रविवारी संध्याकाळी भाऊ आणि त्याची पोरं येतात आणि आम्ही त्या झोळावर पुठ्ठ्याची घडी ठेवून का होईना, खेळतो. खेळतो म्हणजे एकापेक्षा जास्त व्यक्ती, आणि रॉड फिरवतो. नोट करून ठेवा.

तुमचा ग्राहक (अजून १५ दिवस)