कातरणीची शेड पाडली, आता लोकर कोणाच्या दारात टाकायची?

माननीय पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

माण तालुक्यातील आमच्या गावाच्या माळावर दगडी भिंतींची, पत्र्याच्या छपराची लोकर कातरणीची जुनी शेड होती. ती दुरुस्त करून तेथे घोंगडी विणकामाचे केंद्र उभारू, असे आश्वासन निवडणुकीपूर्वी आम्हाला भर ग्रामसभेत मिळाले होते. गेल्या आठवड्यात तीच शेड धोकादायक ठरवून पाडण्यात आली आणि तिचे दगड रस्त्याच्या भरावात गेले. आम्हाला साधी नोटीसही मिळाली नाही.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीनंतर कळप कोकणाकडे निघण्यापूर्वी, सगळ्या वाड्यांवरच्या मेंढ्या तेथे कातरल्या जात. काळी लोकर वेगळी, करडी वेगळी आणि कोकरांचे पहिले मऊ जावळ त्याहून वेगळे ठेवले जाई. घोंगड्या विणणारे सणगर ते हाताने पारखून नेत आणि चिंचोक्याची खळ दिलेले मागाचे उभे धागे, म्हणजे ताणे, शेडसमोरच वाळत. कोणाच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवायच्या, त्याचे धान्य किती घ्यायचे, कोणाची सोयरीक कोठे जुळवायची, हेही तेथेच ठरे. माझ्या वडिलांनी मला हाती कातर धरायला त्याच ओट्यावर शिकवले.

आज माझ्या घरात लोकरीची पोती पडून आहेत. दख्खनी मेंढी वर्षाला किलोभरही लोकर देत नाही, आणि जी लोकर मिळते तिच्या किमतीतून कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा सुटत नाही. कातरले नाही तर मेंढी उन्हाने आणि गोचिडांनी हैराण होते, म्हणून पदरचे पैसे घालून कातरायचे आणि लोकर ओढ्यात टाकायची. आयुष्यभर सूत कातलेली माझी आई ते पाहून जेवत नाही. मुलगा कळप सोडून पुण्याला गोदामात कामाला लागला; त्याला परत ये म्हणण्याचे तोंड मला उरलेले नाही.

महोदय, मेंढीपालनासाठीच्या सरकारी महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर ७५ टक्के अनुदानावर मिळतो, पण त्या मेंढ्यांच्या अंगावरच्या लोकरीचे पुढे काय करायचे, हे आम्हाला कोणीही सांगत नाही. मेंढी एका खात्याकडे, माग दुसऱ्याकडे, चराईचे रान तिसऱ्याकडे आणि वारसा चौथ्याकडे, अशा वाटणीत मेंढपाळ कोणाचाच राहिलेला नाही. किल्ला, मंदिर, सरदाराचा वाडा यांना वारसा म्हणता, ते योग्यच आहे. मग ज्या माणसांच्या घोंगड्या पांघरून दुष्काळी मुलखाच्या पिढ्या थंडी-पावसात तगल्या, त्यांची कामाची जागा वारसा का नाही? ज्यांचे घर वर्षातले आठ महिने पाठीवर असते, त्यांच्याकडे जपायला दुसरी कोणती इमारत होती?

शेडचा पाया अजून शिल्लक आहे. तो हलवू नये, त्याच जागी कातरणीची शेड पुन्हा बांधावी आणि आमची लोकर ठरलेल्या दराने विकत घेण्याची व्यवस्था करावी. त्या जागेवर गोदाम उभारण्याचे घाटते आहे, असे कानावर येते. ते खरे असेल तर जमीन कोणाच्या आदेशाने आणि कोणाला दिली, हे आम्हाला लेखी कळवावे.

आपला,
माण तालुक्यातील एक मेंढपाळ