पट्टी आरपार काळी हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कोकणातल्या लाकडी कलाकुसरीवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. सावंतवाडीच्या चितार आळीबद्दल लेखकाने मनापासून लिहिलं आहे. जडावकामाची, म्हणजे लाकडात खाच करून दुसऱ्या लाकडाची नक्षी बसवण्याच्या कामाची, बोळवण मात्र ‘सागात शिसवीच्या काळ्या पट्ट्या बसवतात’ या एका वाक्यात झाली. मी याच तालुक्यात जडावकाम करतो. बाजारात दिसणारी काळी पट्टी आता बहुतेक वेळा शिसवीची नसते, हे गिऱ्हाइकांना कळावं म्हणून हे लिहितो आहे.

शिसवीचा गाभा जांभळट तपकिरी असतो, त्यावर काळसर रेघा. शाईसारखा काळा गाभा असतो अबनूसचा, आपल्या टेंभुर्णीच्या कुळातल्या झाडाचा. ही झाडं भरायला माणसाचं आयुष्य जातं. २०१७ पासून तर शिसवीचं अख्खं कूळ दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. तेव्हा दुसरं फिकं लाकूड काळं करून वापरणं हा शहाणपणाचाच मार्ग आहे, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. माझं भांडण आहे ते कातडीपुरत्या काळेपणाशी.

गेल्या पावसाळ्यानंतर शेजारच्या गावातल्या एका कुटुंबाने सागाचा देव्हारा दुरुस्तीला आणला. शिसवीचं काम म्हणून त्यांच्याकडून चांगले पैसे घेतले होते. दमट हवेने पट्ट्या फुगून वर आल्या होत्या. त्या सपाट करायला पॉलिशपेपर फिरवला आणि चार-पाच हातांतच खालून पिवळट लाकूड उघडं पडलं. महिरपीच्या टोकांना तर आधीच पांढुरकं दिसत होतं, रोजच्या पुसण्याने. वरून ब्रशने काळा रंग दिला, त्यावर पॉलिश, झालं. जडावकामात पट्टी खाचेत बसवल्यावर ती भोवतीच्या लाकडाबरोबर घासून एका पातळीत आणावीच लागते. पुढेही दर काही वर्षांनी वस्तू घासून पुन्हा पॉलिश होते. वरवरचा रंग तिथे टिकणार कसा?

आरपार काळं करायची सामग्री आपल्या डोंगरात आहे. जुन्या घराच्या ऐनाच्या दारात लोखंडी खिळ्याभोवती निळसर काळं कडं पडलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोखंड ओलाव्यात भेटलं की हा काळा रंग तयार होतो. टॅनिनवाला हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, यांची शाई याच तत्त्वावर होते. आयर्लंडच्या दलदलीत हजारो वर्षं गाडलेले ओकचे ओंडके गाभ्यापर्यंत काळे निघतात, तेही यामुळेच. तिथे जे काळाने केलं ते आपण पातळ पट्टीत थोड्या दिवसांत करू शकतो.

लाकूड मात्र निवडून घ्यावं लागतं. मी काळा कुडा घेतो. त्याचं लाकूड जवळजवळ हस्तिदंतासारखं पांढरं आणि बारीक पोताचं असतं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी याच झाडाची. सागाच्या गाभ्यात तेल असतं, काळं करणारं पाणी आत शिरत नाही, त्या वाटेला जाऊ नये. पट्टी आधीच एक मिलिमीटरच्या आसपास चिरून घ्यायची. जाड तुकडा भिजवून मग चिरला तर मधे पांढरी रेघ हमखास राहते. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः टोकांकडून, रेषांच्या दिशेने. म्हणून आखूड तुकडे चांगले.

सुके हिरडे कुटून स्टीलच्या पातेल्यात काढा करायचा. लोखंडी कढईत केला तर तो तिथेच काळा होतो आणि वाया जातो. काढ्यात पट्ट्या उकळायच्या आणि तशाच थंड होऊ द्यायच्या. उकळताना लाकडातली हवा फुगून बाहेर पडते, थंड होताना उरलेली आकसते आणि काढा आत ओढला जातो. हे दोन-तीनदा करावं. मग पट्ट्या वरच्यावर निथळून हिराकशीच्या पातळ पाण्यात टाकायच्या. हिराकस ताजी, फिकी हिरवी हवी. पिवळी तपकिरी पडलेली जुनी पुडी घेऊ नये.

काढा आणि हिराकस एकाच भांड्यात कालवणारे खूप भेटतात. तिथेच खरी गफलत आहे. दोन्ही आधीच मिसळले की काळे कण पाण्यातच धरतात, ते लाकडाच्या सूक्ष्म नळ्यांत जात नाहीत, वर थर होऊन बसतात. आधी काढा मुरवायचा, लोखंड नंतर, म्हणजे रंग आतल्या आत जन्मतो. पाण्यातून काढलेली पट्टी आधी नुसती करडी दिसते, घाबरू नये. हवा लागली की काळेपणा भरत जातो. एक पट्टी मधोमध मोडून काप बघावा. करडी रेघ असेल तर बाकीच्या परत काढ्यात.

धुण्याचा कंटाळा करणाऱ्याने हे काम करूच नये. हिराकशीतून आम्ल सुटतं, ते राहिलं तर पट्टी ठिसूळ होते. युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांचे कागद अशाच शाईने खाल्ले आहेत. शिवाय उरलेलं लोखंड ओल्या फेविकॉलमधून शेजारच्या लाकडात उतरतं आणि कडेने निळे डाग पडतात. म्हणून पाणी बदलत पट्ट्या स्वच्छ धुवायच्या, आणि वजनाखाली सावलीत सुकवायच्या, नाहीतर पिळवटतात.

हिरड्याचं फळ वेचायला झाड तोडावं लागत नाही. वेचणाऱ्यांना यातून दोन पैसे जास्त मिळावेत असंही मला फार वाटतं.

विक्रेत्यांना विनंती, बिलावर ‘शिसव’ की ‘काळं केलेलं लाकूड’ हे स्पष्ट लिहा. गिऱ्हाइकांनी पैसे देण्याआधी मागच्या, न दिसणाऱ्या बाजूच्या पट्टीवर पॉलिशपेपर फिरवून दाखवायला सांगावं. प्रामाणिक कारागीर नाही म्हणणार नाही. आणि आपल्या सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांतल्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकणाऱ्या मुलांना हे एकदा तरी हाताने करू द्यावं. साहित्याचा खर्च किरकोळ आहे. बोलावलं तर हिरडे, पातेली आणि काळ्या कुड्याच्या पट्ट्या घेऊन मी स्वतः येईन, मानधन नको. फक्त दिवाळीनंतर बोलवा, पावसात पट्ट्या सुकत नाहीत.

आपला नम्र,
जडावकाम करणारा एक सुतार, ता. सावंतवाडी