काका, तुमच्या एमजीबीसाठी आणि त्या एका प्रश्नासाठी

प्रिय काका,

शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, त्याला कारण तुम्हीच. समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही "ते राहू दे, ऑइल बघितलंस का?" म्हणून विषय बदलता. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

जुन्या गाड्यांचे मालक आणि गॅरेजवाले यांना भेटत फिरायला तुमची स्वतःची गाडी दिलीत, ही काही लहान गोष्ट नाही. १९७१ची एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघडी स्पोर्ट्स कार, १७९८ सीसीचं इंजिन, क्रोमचे बंपर, आणि वर करताना बोटं चिमटणारा तो टप. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या, फारसे फेरफार न झालेल्या गाडीला रोड टॅक्स भरावा लागत नाही, एमओटी या गाडीच्या वार्षिक सुरक्षा तपासणीचीही सक्ती नाही. तरी तुम्ही ती तपासणी दरवर्षी करून घेता. अशा माणसाने स्वतःची गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची, विम्यात आमची दोघांची नावं घालायची, टाकी ई५ (कमी इथेनॉलच्या) पेट्रोलने भरून ठेवायची आणि वर टाकीच्या झाकणाला "ई१० नको!" अशी चिकटपट्टी लावायची! इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या खराब होतात हे मला तुम्ही सांगितलं होतंत, पण चिकटपट्टी पाहून ते कायमचं लक्षात राहिलं.

पण माझे आभार गाडीपेक्षा तुमच्या एका वाक्यासाठी जास्त आहेत. कॉव्हेंट्रीहून निघताना खिडकीशी वाकून म्हणालात, "कुणालाही गाडीची किंमत विचारू नकोस. शेवटची बंद कशाने पडली, ते विचार."

तेव्हा वाटलं, हे कसलं विचारणं! अनोळखी माणसाच्या दारात उभं राहायचं, त्याने जिवापाड जपलेली गाडी बघायची, आणि पहिलाच प्रश्न तिच्या दुखण्याचा? पण पहिल्याच घरी त्या प्रश्नाने काय केलं ते पाहिलं.

त्या बाई निवृत्त शिक्षिका. त्यांची ट्रायम्फ स्पिटफायर तुमच्याच गावच्या कॅनली कारखान्यातली. सुरुवातीला त्या औपचारिकच बोलत होत्या: रंग, वर्ष, किती मालक झाले वगैरे. मी तुमचा प्रश्न विचारला आणि त्यांनी थेट बॉनेट उघडलं. स्पिटफायरचं बॉनेट म्हणजे गाडीचा जवळजवळ अख्खा पुढचा भाग. दोन्ही मडगार्डसकट पुढे झुकतो आणि माणूस चाकावर बसून इंजिनाचं काम करू शकतो. त्या तशा बसल्यासुद्धा. मग त्यांनी कप्प्यातून एक मोडका ट्रनियन काढून माझ्या हातावर ठेवला. चाक वळताना ज्या तुकड्यात फिरतं, तो हा. आधीच्या कुणी मालकाने त्यात वर्षानुवर्षं ग्रीस भरलं होतं. तिथे लागतं घट्ट गिअर ऑइल. ग्रीस आतल्या आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, पाणी शिरतं, गंज धरतो, आणि एक दिवस गाडी वळवताना चाक आडवं होतं. सुदैवाने त्यांची गाडी तेव्हा घराच्या आवारातच होती. आता त्या दर हिवाळ्याला ऑइल-गन घेऊन स्वतः खाली झोपतात. किंमत विचारली असती तर एक आकडा मिळाला असता आणि फार तर चहा.

माल्व्हर्नला तुमचे मॉर्गनवाले मित्र भेटले. १९०९ साली सुरू झालेली ही कंपनी अजून त्याच गावात गाड्या बनवते, आणि मॉर्गनची चॅसिस (गाडीचा खालचा मूळ सांगाडा) लाकडाची असते हा गैरसमजही अजून तितकाच टिकून आहे. मीही तेच धरून चाललो होतो, हे त्यांना कळू दिलं नाही. चॅसिस धातूची, ॲशचं लाकूड असतं ते वरच्या बॉडीच्या सांगाड्यात. त्यांच्या गाडीत पायाशी एक बटण आहे, ते दाबलं की इंजिनातलं ऑइल पुढच्या सस्पेन्शनच्या खांबांना जातं. ते त्यांनी आम्हाला इतक्यांदा दाबून दाखवलं की मला इंजिनाचीच काळजी वाटू लागली.

सगळ्यात जास्त वेळ मात्र फॉस वे या जुन्या रोमन रस्त्याजवळच्या त्या गॅरेजमध्ये गेला. पत्ता दिलात तेव्हा "माणूस कमी बोलतो" असं बजावलं होतंत. तुमच्या प्रश्नावर तो पहिल्यांदा हसला, मग म्हणाला, "माझी सोड, तुझीच नीट चालत नाहीये." एअर क्लीनर उतरवले, रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं पहिल्या कार्बुरेटरच्या तोंडाशी धरलं. (कार्बुरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग; एमजीबीला ते दोन.) हवा आत ओढली जाताना सूं असा आवाज येतो. मग दुसऱ्याचा ऐकला. दोन्ही आवाज सारखे होईपर्यंत तो दोघांमधला सांधा ढिला करून स्क्रू फिरवत राहिला. मला ऐकायला दिलं. मला दोन्ही सारखेच वाटले, त्याला नाही. पुन्हा फिरवलं, पुन्हा ऐकवलं, आणि तेव्हा कुठे आधीचा फरक माझ्या कानाला कळला.

मग मिश्रण. या एसयू बनावटीच्या कार्बुरेटरच्या बाजूची छोटी पिन वर ढकलून त्याच्या आतला पिस्टन मिलिमीटरभरही नाही इतका उचलायचा. इंजिन वेग घेऊन तसंच पळत राहिलं तर पेट्रोल जास्त. आचके देऊन बंद पडायला लागलं तर कमी. किंचित चढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. खालचा नट वर नेला की पेट्रोल कमी, खाली आणला की जास्त. सगळं यंत्र एवढंच! मी इतकी वर्षं गाड्यांवर वाचतोय, पण हवा आणि पेट्रोल यांचं नातं मला त्या पिनेने शिकवलं. दोन्ही डॅम्परमधलं (त्या पिस्टनची हालचाल आवरणाऱ्या भागातलं) ऑइल बघून त्याने हात पुसले. पैसे घेतले नाहीत. "तुझ्या काकांनी मला एकदा गिअरबॉक्स उतरवायला मदत केली होती," इतकंच म्हणाला. हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

जाता जाता लुकासच्या वायरिंगवरचा जुना विनोद मी केला: जुन्या ब्रिटिश गाड्यांचं विजेचं सामान बनवणारा लुकास म्हणजे अंधाराचा राजपुत्र, कारण दिवे कधीही जातात. त्याला तो मुळीच आवडला नाही. "आधी अर्थिंगचे गंजलेले जोड घासून बघा, मग हसा," म्हणाला. मला ते पटलं.

आणि हो, तुमची गाडीही एकदा बंद पडली, म्हणजे आता मलाही सांगायला काहीतरी आहे. विटनीच्या अलीकडे अरुंद रस्त्यावर इंजिन हळूच विझलं. किल्ली फिरवली, पण पेट्रोलच्या विजेवरच्या पंपाची टकटक नाही. तुम्ही शिकवल्याप्रमाणे मागच्या उजव्या चाकापाशी खाली वाकून चाकपान्याच्या दांड्याने पंपाला दोन हलके टोले दिले. टकटक सुरू झाली! आतले पॉइंट चिकटले होते, दुसरं काही नाही. मागे थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्याने अंगठा दाखवला.

ॲबिंग्डनला पाहण्यासारखं फारसं उरलेलं नाही. १९२९ ते १९८० एमजीच्या गाड्या जिथे जोडल्या गेल्या, पाच लाखांहून जास्त एमजीबी जिथून बाहेर पडल्या, तिथे आता बहुतेक साधी व्यापारी आवारं आहेत. मला हळहळ वाटली, पण ती फार टिकली नाही. कारण पुढच्याच गॅरेजमध्ये एमजीबीची कोरी बॉडी उभी होती, मूळ साच्यांवर दाबलेल्या पत्र्याची. १९८८पासून अशा बॉड्या पुन्हा बनतात. कारखाना गेला, साचे राहिले; मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो.

आता जरा नाजूक विषय. त्या गॅरेजवाल्यांनी तुमच्या गाडीभोवती एक फेरी मारली, उजवं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग गाडी जॅकवर घेऊन तेच केलं. दार वरच्या बाजूला घासतंय. एमजीबीला वेगळी चॅसिस नाही, सगळा भार सिल्सवर, म्हणजे दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्यांवर. बाहेरचा पत्रा छान दिसतो म्हणून आतला कॅसल रेल (सिलच्या तळाचा आधार) शाबूत असेलच असं नाही, असं ते म्हणाले. गंज आहे असं त्यांनी म्हटलेलं नाही. उघडून बघायला हवं, एवढंच. फेब्रुवारीत त्यांच्याकडे जागा आहे. मी तुमच्या नावाने ती धरून ठेवली आहे आणि गाडी सोडायला मीही येईन. कृपया "बघू पुढच्या वर्षी" म्हणू नका.

तुमचा,
ऑइल रोज बघणारा पुतण्या