बोरीची राख जपताना बाजूची मातीही जपा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जुन्नर तालुक्यातल्या बोरीला कुकडी नदीकाठी ज्वालामुखीची राख सापडते हे आता आमच्या भागात बऱ्याच जणांना माहितीये, लोक मुद्दाम बघायला येतात, पांढरट थराचे फोटो काढतात, छान वाटतं. पण सगळ्यांचं लक्ष फक्त त्या पांढऱ्या थराकडे, आणि बाजूची साधी दिसणारी माती मात्र खुशाल उकरली जाते, मला त्याबद्दलच लिहायचंय.

ही राख आपल्या सह्याद्रीची नाही, इथला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही आली सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून. आता ती टोबाच्या नेमक्या कुठल्या स्फोटाची यावर शास्त्रज्ञांत वर्षानुवर्षं वाद, आधी कुणी 14 लाख वर्षं म्हटलं, मग 6 लाख 70 हजार आलं, आणि राखेतल्या काचेची (वितळलेला खडक झटकन थंड होऊन बनणारे बारीक कण) केमिस्ट्री बघणाऱ्यांनी सांगितलं की हा 74 हजार वर्षांपूर्वीचाच मोठा स्फोट. हा वाद महत्त्वाचा आहे कारण राखेसोबत दगडी हातकुऱ्हाडी सापडल्यात, राखेचं वय चुकलं की त्या बनवणाऱ्या माणसांचा काळही चुकतो. त्यात नदी राख वाहून आणून परत दुसरीकडे टाकते, म्हणजे कुठला थर जागचा आणि कुठला वाहत आलेला हे बाजूच्या मातीवरूनच कळणार ना!

आणि राख डोळ्यांना दिसलीच पाहिजे असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत पिनॅकल पॉइंट नावाची समुद्रकाठची जागा आहे, तिथे फार पूर्वी माणसं राहायची, टोबापासून जवळपास 9 हजार किलोमीटर लांब, तिथे राखेचा थर वगैरे काहीच दिसत नाही. तरी संशोधकांनी तळापासून वरपर्यंत थोड्या थोड्या अंतरावर माती घेतली, ती धुऊन, जड द्रवात घालून हलके काचेचे कण वेगळे केले, मायक्रोस्कोपखाली एकेक शोधला आणि त्याची केमिस्ट्री तपासली तर तो टोबाचाच निघाला. तेच कण 9 किलोमीटरवरच्या दुसऱ्या जागीही मिळाले, म्हणजे दोन्ही ठिकाणची माणसं एकाच काळातली हे पक्कं झालं, आणि स्फोटानंतरही ती तिथे राहतच होती. हे 2018 साली छापून आलं. कार्बन डेटिंग 50 हजार वर्षांपलीकडे चालत नाही, तिथे हे केसापेक्षा बारीक कण कामी येतात.

म्हणून कुकडी काय, घोड नदी काय, काठावर जेसीबी लावायच्या आधी एक उभा काप साफ करून नमुने घेऊ द्यावेत एवढी प्रशासनाला कळकळीची विनंती आहे. आणि आमच्या शेतकरी मंडळींनाही सांगणं, विहीर खोदताना पिठासारखा पांढरट थर लागला तर उपसून फेकू नका, आधी फोटो काढा, किती फुटांवर लागला ते लिहून ठेवा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.

आपला,
एक वाचक, आळेफाटा