जाळीचे गज आडवे करा: सोलापूरच्या एका सायकलस्वार बाईचं मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी डाव्या हाताच्या अंगठ्याने मोबाईलवर टाईप करते आहे. उजवा हात गळ्यात आहे. वेळ लागतोय, पण लिहिणारच आहे.

मी सोलापुरात एका शाळेत गणित शिकवते आणि गेली सहा वर्षं शहरातल्या एका सायकल क्लबबरोबर दर रविवारी राईडला जाते. आपल्याला माझा चेहरा आठवणार नाही. ३ जूनला, जागतिक सायकल दिनाच्या रॅलीला आपण हिरवा झेंडा दाखवलात, तेव्हा क्लबचं निवेदन आपल्या हातात देणारी मीच होते. निवेदन एका पानाचं होतं आणि त्यात मागणीही एकच होती. रस्त्याच्या कडेला पावसाळी गटारांवर ज्या लोखंडी जाळ्या बसवल्या आहेत, त्यातल्या कित्येकांचे गज रस्त्याच्या दिशेने उभे आहेत आणि सायकलचं चाक मधल्या फटीत जातं, ते आडवे करून द्यावेत. आपण उभ्याउभ्या ते वाचलंत आणि शेजारच्या अधिकाऱ्यांना म्हणालात, "महिनाभरात करून टाका." आम्ही मनापासून टाळ्या वाजवल्या.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी त्यातल्याच एका जाळीत माझं पुढचं चाक गेलं.

रस्त्याचं आणि कार्यालयाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडे दिलेल्या यादीत चौकासकट आहे. आम्ही पहाटे पाचला चार हुतात्मा पुतळ्यापाशी जमून निघतो. तुळजापूर करायचं तर जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर होतात, त्यात तो घाट. "अंधारात कशाला निघता?" असं लोक विचारतात. सोलापूरचं ऊन ज्याने सोसलंय तो विचारणार नाही. उन्हाळ्यात नऊच्या आत घरी पोचलो नाही तर डांबर वितळलेलं दिसतं, आणि एकदा लागलेली पहाटेची सवय थंडीतही सुटत नाही. पुढचा दिवा, मागचा लाल ब्लिंकर, रिफ्लेक्टर जॅकेट, हेल्मेट, सगळं अंगावर होतं. पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. त्याला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मागून एका टेम्पोने हॉर्न दाबून धरला, मी डावीकडे सरकले, आणि डावीकडे ती जाळी होती.

माझा टायर पंचवीस मिलिमीटरचा. दोन गजांमधली फट माझ्या मुलीने नंतर शाळेच्या पट्टीने मोजली, चाळीस मिलिमीटर. चाक अर्धी वीत आत गेलं आणि तिथेच अडकलं. सायकल जागच्या जागी थांबली, मी थांबले नाही. हँडलबारवरून उजव्या खांद्यावर पडले. हेल्मेट कानाच्या वर तडकलं. ते नसतं तर हे पत्र घरच्यांनी लिहिलं असतं.

रस्ता झाडणाऱ्या एका मावशीने मला उचलून कडेला बसवलं. आपल्या डोक्याचा रुमाल सोडून तिने माझा हात गळ्यात बांधला आणि म्हणाली, "बाई, ह्या जाळीत पडलेल्या तुम्ही तिसऱ्या. मागं चादरीच्या कारखान्यातला एक म्हातारा पडला. डबा लांब गेला, पुढचे दात पडले. गप उठला अन् सायकल हातात धरून चालत गेला."

साहेब, कॉलरबोनचे तीन तुकडे झाले. आत एक प्लेट आणि सात स्क्रू आहेत. बिल झालं एक लाख अठरा हजार. कुशीवर वळता येत नाही, त्यामुळे रात्री दोन-दोनदा जाग येते. सव्वीस वर्षं स्वतःची वेणी स्वतः घालणारी मी, आता कॉलेजला जायच्या घाईत असलेल्या मुलीपुढे पाठ करून बसते. दहावीच्या वर्गाचं त्रिकोणमिती अर्धं राहिलं, बदली शिक्षक मिळालेले नाहीत, आणि मुलं संध्याकाळी घरी येऊन मला गणितं विचारतात. मी तोंडी सांगते, ती वहीत लिहितात. सासूबाई रोज म्हणतात, "विकून टाक ती सायकल." नातेवाईक म्हणतात, बाईमाणसाने या वयात असले नाद करू नयेत. गजांची दिशा चुकवली कोणी आणि लाज वाटून घ्यायची कोणी?

आता कामाचं सांगते. आमच्या क्लबमधल्या एकाचा फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे. त्याच्या मते चौकोनी चौकटीची जाळी उचलून फिरवून बसवली की झालं. लांबट असेल तर वरून तीन लोखंडी पट्ट्या आडव्या वेल्ड करायच्या. एका जाळीला पंधरा मिनिटं. आमच्या यादीत एक्केचाळीस जाळ्या आहेत, मोजणीत दोन-चार इकडेतिकडे असतील. म्हणजे दोन-तीन दिवसांचं काम. ऑगस्टपर्यंत काही हललं नाही तेव्हा आम्ही लेखी कळवलं की आमच्या खर्चाने करून देतो, फक्त परवानगी द्या. उत्तर आलं, "शासकीय मालमत्तेस हात लावता येणार नाही." तुम्ही करत नाही आणि आम्हाला करू देत नाही. चौकशीला गेलो तर ऐकायला मिळालं की रस्ता एकाचा, गटार दुसऱ्याचं आणि जाळी ठेकेदाराची. माझा खांदा मात्र एकटीचा!

२०२२ साली देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. गणिताची बाई आहे, म्हणून भागाकार केला. दर तासाला एकोणीस. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. माणूस मेला तरी जास्तीत जास्त एक लाख. माझं हॉस्पिटलचं बिल त्याहून जास्त आहे. अनोळखी वाहन धडक देऊन पळालं आणि गंभीर इजा झाली, तर सरकारकडून पन्नास हजार मिळतात. मला जाळीने पाडलं. तिच्यासाठी कुठल्या खिडकीवर अर्ज करायचा ते मला कोणी सांगितलेलं नाही.

मनात आणलं की प्रशासनाला जमतं, हे आम्ही दरवर्षी डोळ्यांनी बघतो. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला माणसांचा लोंढा चालत निघतो, तेव्हा त्या रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते, पाणी ठेवलं जातं, पोलीस रात्रभर उभे असतात. मीही चालले आहे, आणि त्या रात्री रस्ता आपला वाटतो. मग उरलेल्या दिवशी पायी आणि सायकलवर जाणारा माणूस कुठे जातो? हा रस्ता गाडीच्या काचेतून बघणाऱ्यांनी गाडीच्या चाकासाठी बांधला आहे. गाडीचं चाक जाळीवरून गेलं तर आत बसलेल्याला थोडा खडखड आवाज येतो, तेवढंच.

आणि त्या म्हाताऱ्यासाठी मला सगळ्यात जास्त राग येतो. आम्ही हौसेने जातो, हेल्मेट घालून, खिशात मोबाईल आणि मेडिक्लेमचं कार्ड घेऊन. तो हौसेने जात नाही. हे गिरण्यांचं शहर, भोंग्यावर उठून इथल्या पिढ्या सायकलवर कामाला गेल्या. माझे वडीलही त्यातलेच. डब्याची पिशवी हँडलला, पँटला खाली क्लिप. आजही यंत्रमागावर जाणारा, दूध घालणारा, गवंड्याच्या हाताखाली जाणारा माणूस त्याच कडेने जातो. त्याची काळी सायकल कुठल्या रॅलीत नसते आणि त्याचं निवेदन कोणी उभ्याउभ्याही वाचत नाही. त्याचे दात पडले तेव्हाच ती जाळी फिरली असती, तर मला हे लिहावं लागलं नसतं.

मला नुकसानभरपाई नको. सत्कार नको, पुढच्या ३ जूनला टी-शर्टही नकोत. एक्केचाळीस जाळ्यांचे गज आडवे करा, आणि ते काम कोणत्या तारखेला पूर्ण होणार ते त्या अधिकाऱ्याच्या सहीने लेखी द्या. तेही जमत नसेल तर आम्हाला परवानगी द्या, वेल्डिंगचा सेट आम्ही घेऊन येतो.

डॉक्टर फेब्रुवारीत सायकलवर बसू देणार आहेत. काल मुलीला घेऊन त्या चौकात जाऊन आले. मावशीने जाळीत बाभळीची फांदी खोचून वर लाल चिंधी बांधली आहे. रोज झाडायला आली की ती सरळ करते, म्हणाली. ३ जूनपासून आजपर्यंत त्या जाळीचं तेवढंच काम झालेलं आहे.

आपली,
एक सायकलस्वार शिक्षिका
सोलापूर