फवारणी पंप घेताना आधी विचारा, पेट्रोलमध्ये तेल कोण मिसळणार?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शेती पुरवणीत पाठीवरच्या पेट्रोल पंपांविषयी आलेला मजकूर वाचला. टू-स्ट्रोक इंजिनाचा पंप हलका, स्वस्त आणि ताकदवान, म्हणून तोच घ्यावा, असा त्याचा सूर होता. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही सोयाबीन-कपाशीत औषध मारायच्या पंपासाठी सल्ला उलटा, म्हणजे फोर-स्ट्रोकचा हवा होता.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) दर फेऱ्याला एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह, कॅम, टॅपेट यांचे लटांबरही नसते. त्यामुळे २६ सीसीचे टू-स्ट्रोक जे काम ओढते, त्याला फोर-स्ट्रोक साधारण ३१ ते ३५ सीसीचे लागते आणि वजन थोडे वाढते. बर्फाळ डोंगरात चालणाऱ्या स्नोमोबाईलमध्ये हाच फरक निर्णायक ठरतो. ताज्या भुसभुशीत बर्फात गाडी रुतली की माणसाला ती अंगाच्या जोरावर उपसावी लागते, म्हणून तिथे टू-स्ट्रोक अजून टिकून आहे. आपल्याकडे २० लिटरची टाकी भरली की २० किलो पाणीच पाठीवर चढते, पंप वेगळा. त्यात किलोभर इकडेतिकडे झालेले कोणाला कळत नाही. झडीनंतर काळ्या रानात बुटाला लागलेला चिखल त्याहून जड असतो.

खरा फरक तेलाचा आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे क्रँकच्या पेटीतून, वर जाते, त्यामुळे तिथे वेगळे तेल ठेवता येत नाही. बेअरिंग, पिस्टन, रिंग यांना वंगण मिळते ते फक्त पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-टी तेलातून. पंपाची पेट्रोल टाकी लहान असते, दिवसातून चार-पाच वेळा भरावी लागते. म्हणजे चूक व्हायची संधीही दिवसाला चार-पाच वेळा. भरणारा बहुधा रोजंदारीवरचा माणूस असतो, आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या. साधे पेट्रोल एकदा जरी ओतले गेले तरी पूर्ण वेगात चालणारे इंजिन काही मिनिटांत जाम होते. उलट चूक झाली, म्हणजे फोर-स्ट्रोकमध्ये तेलमिश्रित पेट्रोल पडले, तर धूर होतो, प्लग काळा पडतो. टाकी रिकामी करून प्लग पुसला की काम चालू.

प्रमाणाचा घोळ तर विचारू नये. बाजारातल्या बहुतेक साध्या टू-स्ट्रोक पंपांना २५:१ लागते, म्हणजे लिटरला ४० मिली. काही कंपन्यांच्या इंजिनांना त्यांच्याच तेलाने ५०:१ चालते, म्हणजे लिटरला २० मिली. ४०:१ असेल तर २५ मिली. पुस्तिकेत जे छापले असेल ते टाकीच्या झाकणाजवळ पेंटने लिहून ठेवावे. माप टोपणाने घेऊ नये, दर कंपनीचे टोपण निराळे. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणावी आणि ती औषधाच्या मापात कधी मिसळू देऊ नये. स्वच्छ कॅनमध्ये आधी निम्मे पेट्रोल, मग तेल, झाकण लावून हलवणे, मग उरलेले पेट्रोल, पुन्हा हलवणे. पंपाच्या टाकीत थेट तेल ओतले तर ते तळाशी बसते. सुरुवातीला धुराचे लोट आणि नंतर कोरडे पेट्रोल, अशी दोन्हीकडून मार. तेल हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचे, जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचे घ्यावे. ट्रॅक्टरचे किंवा मोटारसायकलचे इंजिन ऑइल यात चालत नाही. ते स्वच्छ जळत नाही, रिंगा चिकटतात. ‘थोडे जास्त टाकले तर बरेच’ हाही भ्रम. जादा तेलाने सायलेन्सरच्या तोंडाशी कार्बन धरतो, ताकद उतरते, आणि माणूस कार्ब्युरेटरचा (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाचा) स्क्रू पिळत बसतो.

आता यात २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भर पडली आहे. आपल्याच उसाचे इथेनॉल टाकीत येते याचा आनंद आहे, पण ते हवेतली ओल ओढून घेते. अर्धा भरलेला कॅन कोठ्यात महिनाभर पडला की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळा थर धरू शकतात. टू-टी तेल त्या थरात उतरत नाही, ते वरच्या पेट्रोलमध्ये राहते. टाकीतला फिल्टर मात्र तळातूनच ओढतो. म्हणजे तेल मोजून घातलेले असूनही इंजिनाला बिनतेलाचे पाणचट इंधन जाते, आणि मग ‘तेल तर टाकले होते’ म्हणत पंप गॅरेजला येतो. शिवाय जुन्या पंपांची रबरी नळी आणि कार्ब्युरेटरचा पडदा इथेनॉलने फुगतो किंवा कडक होतो. हा पडद्याचा त्रास दोन्ही प्रकारांत सारखाच आहे, त्याचा दोष टू-स्ट्रोकवर ढकलू नये. एका आठवड्यात संपेल एवढेच मिश्रण करावे.

जाम झालेला पिस्टन बाहेर काढला की कारण बहुतेक वेळा त्याच्यावरच लिहिलेले असते. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर तेल कमी पडले किंवा मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) झाले. चहूबाजूंनी असतील तर थंडाव्याच्या पंख्यात आणि सिलिंडरवरच्या पात्यांत (फिनमध्ये) धूळ-काडीकचरा अडकून इंजिन तापले. कार्ब्युरेटरच्या बाजूला मातकट घासण असेल तर फोमचा एअर फिल्टर फाटलेला आहे. पुष्कळ लहान इंजिनांच्या सिलिंडरला आतून कठीण मुलामा असतो, त्याला बोअर मारता (आतून घासून मोठा करता) येत नाही. सिलिंडर-पिस्टनचा पूर्ण संच बदलावा लागतो. त्या खर्चाने पंपाच्या किमतीतला ‘स्वस्तपणा’ एका हंगामात धुऊन निघतो.

फोर-स्ट्रोकही काही बिनलाडाचा नाही. ३५ सीसीच्या इंजिनात तेल मावते जेमतेम १०० मिली, २५ सीसीच्यात ८० मिली. एवढ्याशा तेलावर सगळी मदार, आणि तेल संपल्याचा इशारा देणारी सोय या लहान इंजिनांत बहुधा नसते. सकाळी पंप सपाट जागी उभा करून तेलाची पातळी पाहणे हे एकच काम, पण ते रोजचे. तेल १०डब्ल्यू-३०. पहिले तेल १० तासांनी बदलावे, पुढे दर ५० तासांनी. भाड्याने फवारणी करणाऱ्याचे ५० तास ऑगस्टमध्येच भरतात, हे लक्षात घ्यावे. तेल तोंडापर्यंत भरू नये. जादा झाले की ते ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणाऱ्या वाटेने) एअर फिल्टरमध्ये येते, फिल्टर भिजतो, पंप पांढरा धूर सोडतो आणि लोक रिंगा गेल्या म्हणून घाबरतात. टेम्पोत पंप आडवा टाकला तरी तेच. दोन-तीन हंगामांनंतर सुरू व्हायला त्रास देऊ लागला तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासावे. होंडाच्या जीएक्स३५ मध्ये आत येणाऱ्या व्हॉल्व्हला ०.०८ आणि बाहेर जाणाऱ्याला ०.११ मिमी फट लागते. फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) नसलेल्या मिस्त्रीकडे हे काम देऊ नये. तालुक्याला असा मिस्त्री नसेल तर फोर-स्ट्रोक घेण्याआधी पुन्हा विचार करावा. लुना आणि एम-एटीवर हात बसलेले कारागीर गावोगाव आहेत, त्यांना टू-स्ट्रोक डोळे मिटून खोलता येतो.

धुराचा मुद्दा मजकुरात नव्हताच. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो, सोबत तेलाचा धूर. पंपाचे इंजिन फवारणाऱ्याच्या पाठीमागे, कमरेशी. छातीएवढ्या कपाशीत वारा पडलेला असताना तो धूर तिथेच घुटमळतो. औषधाची वाफ आधीच नाकात जात असते, त्यात ही भर कशाला? शिवाय त्याच कामाला फोर-स्ट्रोक पेट्रोलही कमी पितो.

टू-स्ट्रोक घ्यावा तो गवत कापायच्या यंत्रासाठी, जे हातात धरून दिवसभर डावी-उजवीकडे फिरवायचे असते. जालना-पैठणकडच्या मोसंबीत पाठीवरचा ब्लोअर चालवायचा असेल तरीही तोच. तिथे इंजिन सतत पूर्ण वेगात हवे असते. ज्याची फवारणी दोन एकरांची आणि तीही स्वतःच्या हाताने, त्याने बॅटरी पंपच घ्यावा.

जाता जाता मात्रेविषयी, कारण दुकानात हाही गोंधळ चालतो. कृषी सल्ल्यात ‘पेट्रोल पंपासाठी औषधाचे प्रमाण तिप्पट’ अशी ओळ असते. ती कमी पाण्यात धुके उडवणाऱ्या ब्लोअरला धरून आहे. गन लावलेल्या पंपाने एकरी साध्या पंपाएवढेच पाणी जात असेल तर तिप्पट औषध टाकणे म्हणजे पिकाला आणि माणसाला दोघांनाही धोका. २०१७ च्या खरिपात विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले. एकरी किती पाणी लागते ते आधी साध्या पाण्याने मोजावे आणि लेबलवरची एकरी मात्रा तेवढ्या पाण्यात वाटावी.

मोंढ्यात पंप घ्यायला गेलात तर दुकानदाराला तीन गोष्टी काउंटरवर ठेवायला सांगा: कार्ब्युरेटरच्या पडद्याचा संच, स्टार्टरची दोरी-स्प्रिंग आणि दाबाच्या पंपाचे सील. तिन्ही लगेच निघाले तर इंजिन कोणते ते ठरवा. ‘मागवून देतो’ म्हणाला तर दुसरे दुकान बघा, कारण अळी पडल्यावर आठ दिवस थांबायला वेळ नसतो.

आपला,
एक वाचक, सेलू (जि. परभणी)